अक्कलदाढेपाशी गप्प

"मागच्या वर्षी पुढचं बाक तुझं होतं, म्हणजे या वर्षी माझं. सरळ हिशेब आहे," असं म्हणत वकिलाने ताईच्या हाताखालून मुसंडी मारली आणि लाँचच्या पहिल्या बाकावर बसकण मारली.

"मागच्या वर्षी तू सगळा वेळ बादलीत तोंड घालून बसला होतास. तुला बाक काय आणि फळी काय," ताई म्हणाली आणि त्याला सरकवून शेजारी बसली.

वकील म्हणजे ताईचा दहा वर्षांचा भाऊ. त्याचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत शिल्लक होतं. एकदा ताप आला असताना त्याने डॉक्टरांना विचारलं होतं, "तापलंय कपाळ, मग सुई दंडाला का?" त्या दिवसापासून तो वकील. ताई तेरा वर्षांची. तिला प्रत्येक गोष्टीची आधी योजना लागायची. या सुट्टीची योजना तर तिने परीक्षेच्या आधीच करून ठेवली होती आणि बाबांच्या मते म्हणूनच तिला भूगोलात कमी गुण पडले होते.

धक्क्यावरून बाबांनी हात हलवला, भोंगा वाजला आणि नारिंगी लाँच आत्याच्या बेटाकडे निघाली. सुकाणूवर स्वतः आत्या उभी होती. दोघांनी कान टवकारले.

कारण आत्याची लाँच म्हणजे नुसती लाँच नव्हती. या धक्क्यापासून त्या धक्क्यापर्यंत आत्या सुकाणू धरून अखंड बोलायची, आणि उतारू वाऱ्यात केस उडवत ऐकायचे. बेटाचा इतिहासही काही साधासुधा नव्हता. तिथे चाचे राहून गेले होते. एक राजा राज्य गमावल्यावर चार दिवस विश्रांतीला म्हणून आला आणि म्हातारा होऊनच गेला. सर्कशीचं एक जहाज फुटलं, त्यातले पोपट बेटावर राहिले, आणि त्यांचे पणतू अजून झाडावरून लोकांना "टाळ्या! टाळ्या!" म्हणतात असं आत्या शपथेवर सांगायची. आत्याची शपथ कोणी मनावर घेत नसे, पण गोष्ट कोणी सोडत नसे.

फक्त एका जागी आत्या गप्प व्हायची. बेटाच्या अगदी जवळ पाण्याखाली एक खडक होता. भरतीला दिसायचा नाही, ओहोटीलाही जेमतेम टोक दाखवायचा, म्हणून सगळे त्याला अक्कलदाढ म्हणायचे. तो जवळ आला की आत्या वाक्य अर्ध्यात तोडायची. मग तो चाचा तलवार उगारून उभा असेना का! ती डोळे बारीक करून किनाऱ्याकडे पाहायची, लाँच पार न्यायची आणि पुढचं वाक्य बरोबर तुटलेल्या शब्दापासून उचलायची.

आज मात्र आत्याने तोंडच उघडलं नव्हतं.

"आत्या, पोपटांचं काय झालं?" वकिलाने विचारलं.

"नंतर," आत्या म्हणाली. तिची नजर पाण्यावर खिळली होती.

"राजाचं?"

"बाळा, मला लाँच चालवू दे."

ताई आणि वकील एकमेकांकडे बघत राहिले. बेट जवळ येत होतं. निळी, पिवळी, जांभळी, पोपटी घरं उतरणीवर दाटीवाटीने उभी होती. बेटावर होडी रंगवून उरलेला रंग घराला लावायचे, त्यामुळे घराचा रंग पाहिला की कोणाची होडी कोणती ते कळायचं. आत्याचं नारिंगी घर वकिलाला लांबूनच दिसलं आणि तो उठून ओरडणार, एवढ्यात—

खर्रर्रर्र!

लाँच थरथरली. एक पाटी उलटली, लिंबं बाकांखाली धावली, कोणाचं तरी बाळ रडायला लागलं. क्षणभर लाँच कशावर तरी रेलल्यासारखी झाली आणि मग हिसका देऊन सुटली.

"पुन्हा!" मागे एक आजी पुटपुटल्या. "या बाईचं लक्ष उडालंय हो आजकाल."

आत्याने मागे वळून पाहिलं नाही. पण सुकाणूवरची तिची बोटं पांढरी पडली होती, ते ताईने पाहिलं.

*

धक्क्यावर आत्याचा मुलगा बोया वाट पाहत होता. बारा वर्षांचा. दिवसभर पाण्यात तरंगायचा, म्हणून बोया. एरवी त्याने धावत येऊन वकिलाला उचललं असतं. आज त्याने लाँचच्या तळाशी वाकून पाहिलं. नारिंगी रंगावर एक लांबलचक पांढरा ओरखडा होता, आणि त्याच्या शेजारी जुने दोन.

"तिसऱ्यांदा," तो हळूच म्हणाला. "लाँच रंगवून पाण्यात उतरवली त्याला पंधरवडासुद्धा झाला नाही. आता बंदरसाहेब परवा तपासणीला येणार आहेत. ओहोटीच्या वेळी स्वतः लाँचमध्ये बसणार. पुन्हा घासली तर आईच्या हातातून सुकाणू जाणार."

"जाणार म्हणजे?"

"म्हणजे दुसरा कोणी चालवणार. आणि आई तिकिटं फाडणार, नाहीतर घरी बसणार."

आत्याने तिकिटं फाडायची? आजोबांच्या मागे वीस-बावीस वर्षं जिने ही लाँच चालवली, तिने? ताईची सुट्टीची सगळी योजना त्या एका वाक्यात समुद्रात गेली.

जेवताना आत्याने स्वतःच विषय काढला. "लोक म्हणतात ते खरंय. मी बोलत बसते. गप्पांच्या नादात माझं चुकतं. आता सुकाणूवर असताना एक शब्द बोलायचा नाही, असं ठरवलंय मी."

वकिलाने घास हातातच ठेवला. "हे पटत नाही."

"झालं सुरू," ताई म्हणाली.

"नाही, ऐका तरी. आज आत्या एक शब्द बोलली का? नाही. तरी लाँच घासली. मग गप्पांचा दोष कसा? आणि दुसरं म्हणजे, बोलत असली तरी अक्कलदाढेपाशी ती गप्पच असते. मागच्या वर्षी चाचा शिडीवर लटकत होता तरी ती थांबली होती. मला अजून राग आहे त्याचा."

बोयाने हळूच विचारलं, "आई, तू तिथे बघतेस काय नक्की?"

"बाबांनी शिकवलं तेच. वाळूवर पांढरा खांब आहे, आणि मागे टेकडीवर बुरूज. खांब बरोबर बुरुजाच्या खाली आला की समजायचं, वाट मोकळी. मग नाकासमोर जायचं. खांब जरा इकडे किंवा तिकडे दिसला की थांबायचं." आत्याने ताट बाजूला सारलं. "मी अगदी तसंच करते रे. तरी घासते. म्हणजे माझी नजरच गेली असणार."

आत्याला असं बोलताना मुलांनी कधीच ऐकलं नव्हतं. वकिलाला एकदम रडू आलं, आणि ते लपवायला त्याने पाण्याचा अख्खा तांब्या तोंडाला लावला.

*

दुसऱ्या दिवशी तिघं किनाऱ्यावर गेली. बेटाला नेहमीप्रमाणे कसलीही घाई नव्हती. धक्क्यावरचं घड्याळ केव्हाच बंद पडलं होतं आणि त्याची कोणाला आठवणही झाली नव्हती. न्हावी आपल्याच खुर्चीत झोपला होता. किराणा दुकानावर पाटी होती, "जाग आली की उघडू."

जागा होता तो एकच माणूस, अध्यक्षकाका. काका 'किनारा सुशोभन समिती'चे अध्यक्ष होते. समितीत दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे निवडणूक सोपी गेली होती. डोक्यावर परातीएवढी गवती टोपी, हातात कर्णा, आणि समोर उन्हाने लाल झालेले पाहुणे. वाळूवर त्यांनी रंगीत छत्र्यांची रांग लावली होती. मध्यभागी फळ्यांचा चौथरा, चौथऱ्यावर पांढरा खांब, आणि खांबाला कागदी फुलांची माळ.

"मंडळी, हाच तो खांब!" कर्णा गरजला. "याच्यावरचा दिवा पाहून जहाजं बंदरात यायची. पण बेटावर होती एक दिवेवाली! वादळी संध्याकाळी ती दिवा खांबावरून काढायची आणि लांब नेऊन दुसऱ्याच काठीला टांगायची. बिचारे खलाशी दिव्याच्या रोखाने यायचे आणि थेट खडकावर! मग दिवेवालीचे लोक पेटारे गोळा करायचे. गोष्ट फार जुनी, मंडळी, पण हा खांब तेव्हापासून इथेच उभा आहे. तसूभर हललेला नाही! संध्याकाळी परत या आणि मागे मावळता सूर्य येईल असा फोटो काढा!"

पाहुणे पांगले तसा वकील खांबाला टेकून बसला आणि त्याने सवयीने पाय लांब केले. मग अजून लांब केले. मग तो ताडकन उठला आणि "आई गं, आई गं" करत तापलेल्या वाळूवरून एका पायावर नाचत लांबच्या नळाकडे पळाला.

बोया हसून हसून लोळला. पण नळाखाली पाय धरलेला वकील हसत नव्हता.

"नळ हललाय," त्याने तिथूनच जाहीर केलं.

"ऊन लागलंय तुला," ताई म्हणाली.

"मागच्या वर्षी मी रोज खांबाला पाठ टेकून बसायचो आणि पाय नळाखाली असायचे. बसल्या जागी! म्हणून तर मी तिथे बसायचो. आता इतकं पळावं लागलं. म्हणजे एक तर नळ हलला, नाहीतर मी बुटका झालो."

बोया उठून नळापाशी गेला. नळाची गंजलेली नळी जमिनीत गेली होती आणि तिच्या बुडाला शेवाळ चढलं होतं. "हा नळ माझ्या जन्माच्या आधीपासून इथेच आहे."

"मग..." ताईने सावकाश मान वळवून फुलं माळलेल्या खांबाकडे पाहिलं. "मग चालला कोण?"

वकील ओल्या पायांनीच तिच्याकडे धावला.

"जवळ ये, एक डोळा मिट," ताई भराभर बोलू लागली. तिने दोन्ही हातांची बोटं एकामागे एक धरली. "मागचं बोट बुरूज, पुढचं खांब. दोन्ही एका रेषेत दिसतात ना? आता मी पुढचं बोट जरासं उजवीकडे सरकवते. पुन्हा एका रेषेत बघायचं तर काय करशील?"

वकिलाने मान उजवीकडे नेली. बरीच न्यावी लागली. "म्हणजे आत्याची लाँचसुद्धा... बाप रे. दिवेवाली!"

"दिवेवालीने मुद्दाम केलं होतं," बोया दात आवळून म्हणाला. "चला, होडी काढू."

ओहोटी लागली होती. अंगात तरंगती जाकिटं चढवून तिघं बोयाच्या चपट्या होडीतून निघाली. बोया वल्हवत होता, वकील पाण्यात डोकावत होता, आणि ताई एक डोळा मिटून किनाऱ्यावर नजर लावून होती. "डावीकडे... अजून... थांब, जरा उजवीकडे. हां! खांब बरोबर बुरुजाखाली. आता सरळ चल."

होडी सरळ चालली. पाणी हिरवं होतं, मग गडद झालं, मग एकदम तपकिरी.

"थांबा!" वकील किंचाळला. होडीच्या अगदी खाली, हात घातला तर लागेल इतक्यावर, शिंपल्यांनी भरलेली अक्कलदाढ पसरली होती. आणि तिच्या पाठीवर नारिंगी रंगाचे पट्टे होते.

आत्याच्या नजरेला काही झालं नव्हतं. ती अगदी बरोबर, अगदी नाकासमोर, खडकावर जात होती! चपट्या होड्या वरून निसटत होत्या आणि भरतीला लाँचही निसटत होती. म्हणून तर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

*

"काका, तुम्ही हा खांब हलवलात का?" ताईने सरळच विचारलं.

अध्यक्षकाकांनी टोपी मागे सारली. "मुली, पाहुण्यांना मी काय सांगतो ते ऐकलंस ना? तसूभर नाही. आता त्यात बदल केला तर माझ्या इतिहासाला काय किंमत राहील? जा, सरबत घ्या."

आत्याकडे तर त्याहून वाईट झालं. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि वकिलाच्या डोक्यावरून हात फिरवला. "माझ्यासाठी धडपडताय, कळतं मला. पण खांब दगडाचा आहे, बाळांनो. चार माणसांशिवाय उचलत नाही. लाँच रंगवायला काढली तेव्हा मी महिनाभर रंगाच्या डब्यांतच होते, तरी असलं काही झालं असतं तर कानावर आलं नसतं? उद्या साहेबांना काय सांगू? माझी चूक नाही, दगड चालला? सगळं बेट हसेल. हसू दे म्हणा. पण बाबांनी दिलेल्या खुणेवर मी खापर फोडणार नाही."

वकील एकही मुद्दा न मांडता अंथरुणात शिरला. हे पहिल्यांदाच घडत होतं.

सकाळी मात्र ताईची योजना तयार होती. "खांब जिथे होता तिथे काहीतरी बैठक असणारच. एवढा दगड नुसता वाळूत उभा राहत नाही. बोया आणि मी खणतो. वकील, तू आत्याबरोबर पलीकडे जा आणि साहेबांबरोबर परत ये."

"मीच का?"

"कारण तुला लाँचमधून कोणी उतरवायला लागलं तर तू उतरणार नाहीस. बैठक सापडली तर आम्ही तिथे पांढरी चादर उभी करू. दिसली, तर आत्याला सांग."

"आणि नाही दिसली तर?"

ताईने चादरीची घडी काखेत मारली.

*

नळापाशी अध्यक्षकाकांच्या घडीच्या खुर्च्यांचा डोंगर रचला होता. तो हलवण्यातच निम्मी सकाळ गेली. मग दोघांनी डब्यांच्या झाकणांनी वाळू उपसायला सुरुवात केली. एक खड्डा रिकामा. दुसऱ्यात एक चप्पल. तिसऱ्यातही वाळूच वाळू.

"ताई, लाँच दिसायला लागली," बोया म्हणाला. क्षितिजावर नारिंगी ठिपका आला होता.

"खण!"

ठण्ण. झाकण कशावर तरी आपटलं. दोघं चार हातांनी वाळू लोटू लागली. खाली घडीव दगडाचं गोल कडं होतं, आणि मधोमध खोलगट खाच. खांबाचं बूड बरोबर बसेल एवढी!

"मिळालं! आईच्या खांबाची जागा मिळाली!" बोया ओरडला आणि त्याच दमात धावला. त्याने अध्यक्षकाकांची सगळ्यात मोठी निळी छत्री उपटली, चौथऱ्यावर नेऊन उघडली आणि खांब नखशिखांत झाकून टाकला. इकडे ताईने आत्याच्या पलंगावरची चादर होडीच्या वल्ह्याला बांधली आणि वल्हं दगडाच्या खाचेत रोवलं. वाऱ्याने चादर फुगली आणि वल्हं एका बाजूला झुकायला लागलं. ताईने त्याला मिठी मारली. टाचा वाळूत रुतवल्या आणि ती सगळा जोर लावून सरळ उभी राहिली.

*

लाँचमध्ये बंदरसाहेब आत्याच्या अगदी शेजारी उभे होते. उंच, इस्त्रीचे, मिशी विंचरलेले. निघतानाच त्यांनी वकिलाला बजावलं होतं, "सुकाणूवरच्या माणसाशी बोलायचं नाही. नियम आहे." सगळ्या वाटेवर इंजिनाशिवाय कोणाचाही आवाज नव्हता.

वकील कठड्याला लटकून किनारा शोधत होता. छत्र्या, छत्र्या, नुसत्या छत्र्या. चादर कुठेच नव्हती. मग, डाव्या बाजूला, काहीतरी पांढरं फडफडलं. खाली बसलं. पुन्हा ताठ उभं राहिलं.

चादर!

त्याच वेळी आत्या चमकली. "खांब कुठे गेला?"

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

आत्याने इंजिन मंद केलं. अक्कलदाढ समोर होती, ओहोटी पूर्ण होती, आणि आयुष्यभराची खूण नाहीशी झाली होती.

वकिलाकडे शेकडो मुद्दे तयार होते. नळ, शेवाळ, बोटं, नारिंगी पट्टे. रात्रभर त्याने ते पाठ केले होते. पण आता वेळ नव्हता. त्याने आत्याचा पदर धरला.

"आत्या, पांढरी चादर धर. बैठक सापडलीय. आजोबांचा खांब तिथे होता."

"मुला, मी काय सांगितलं होतं?" साहेब कडाडले.

आत्याने वकिलाकडे पाहिलं. मग चादरीकडे, मग वर टेकडीवरच्या बुरुजाकडे. तिने डोळे बारीक केले. किती वेळ गेला कोणास ठाऊक, वकिलाला तो सुट्टीएवढा वाटला.

मग आत्याने सुकाणू डावीकडे फिरवलं.

लाँच वळली. चादर सरकत सरकत बुरुजाच्या खाली आली आणि तिथे थांबली. लाँच नाकासमोर चालली. उतारूंनी बाकं घट्ट धरली. मागच्या आजींनी लिंबांची पाटी मांडीत घेतली. वकिलाने डोळे मिटले, आणि एक उघडला.

उजव्या हाताला, चांगल्या अंतरावर, अक्कलदाढेचं टोक पाण्यातून डोकावत होतं. ते मागे पडलं. काहीही घासलं नाही.

"पार!" आजीच पहिल्यांदा ओरडल्या.

आत्याने डाव्या हाताने वकिलाला जवळ ओढलं आणि त्याचं डोकं आपल्या कुशीत दाबलं. साहेबांनी पाहूनही नियम सांगितला नाही.

*

धक्क्यावरून सगळे तडक वाळूवर आले, तर तिथे वेगळाच तमाशा चालू होता. अध्यक्षकाका टोपी सावरत छत्रीभोवती फिरत होते आणि छत्री धरून ठेवलेला बोया त्यांच्याबरोबर फिरत होता.

"माझा खांब झाकला! पाहुणे फोटोसाठी थांबलेत आणि यांनी माझा खांब झाकला!"

"तुमचा कसा, काका?" ताई वल्ह्याला धरूनच, अगदी गोड आवाजात म्हणाली. "तो तर दिवेवालीचा. इथेच उभा होता म्हणे."

"इथे?" काका उसळले. "इथे कुठला? तिकडे नळापाशी उभा होता बिचारा, शेवाळात! लोक त्याला टेकून पाय धुवायचे! मी चार माणसं लावली, ओंडक्यांवरून ओढत इथे आणला, रंग दिला, फुलं घातली, म्हणून आज त्याला फोटोत जागा मिळाली. आणि ही कालची पोरं मला विचारतात, तुमचा कसा?"

सगळ्यांच्या नजरा काकांच्या मागे वळल्या. काकांना काहीतरी खटकलं. त्यांनी मागे वळून पाहिलं. बंदरसाहेब उभे होते.

"कधी आणलात?" साहेबांनी विचारलं.

"म्हणजे... मागच्या महिन्यात. लाँच रंगवायला काढली होती तेव्हा. किनारा रिकामा होता, म्हटलं..." काकांचा आवाज बारीक होत गेला. "का हो?"

ताईने चादर सोडली आणि वाळूतल्या दगडी कड्याकडे बोट दाखवलं. बोयाने खडकावरच्या नारिंगी पट्ट्यांचं सांगितलं. साहेब गुडघ्यांवर बसले, इस्त्रीची पर्वा न करता, आणि त्यांनी खाचेत हात घालून पाहिला. मग एक डोळा मिटून बुरुजाकडे पाहिलं.

"अध्यक्ष," ते उठत म्हणाले, "तुमच्या गोष्टीतल्या दिवेवालीने दिवा हलवला, तो निदान जाणूनबुजून. तुम्ही तर बंदराची खूणच उचललीत, आणि वर तिला माळ घातलीत. खांब आजच्या आज जागेवर गेला पाहिजे."

काकांनी टोपी काढली. ती काढली की ते एकदम लहान दिसायचे. ते आत्यापुढे आले. "मला खरंच माहीत नव्हतं गं. मला वाटलं, जुना दगड आहे. आणि मुलीने विचारलं तेव्हा मी... लाजेकाजेस्तव नाही म्हणालो. तुझ्या पोटावर येईल हे डोक्यातच आलं नाही."

आत्याने जरा वेळ त्यांना तसंच उभं ठेवलं. "आधी दोर आणा," ती म्हणाली. "मग बघू."

साहेब मुलांकडे वळले. "परीक्षा मी घ्यायला आलो होतो. पण ओरखडे मोजत बसलो, आणि खूण तपासायचं माझ्याही डोक्यात आलं नाही. ते तुमच्या आलं. शाबास. आणि तू," त्यांनी वकिलाकडे पाहिलं, "नियम मोडलास."

"हो," वकील म्हणाला.

"योग्य वेळी मोडलास." साहेबांनी त्याच्याशी हात मिळवला, मोठ्या माणसाशी मिळवतात तसा.

संध्याकाळपर्यंत सगळं बेट जागं झालं. न्हावी आला, किराणावाला आला, लिंबांच्या आजी देखरेखीला आल्या. ओंडके, दोर आणि भरपूर आरडाओरड यांच्या जोरावर खांब आपल्या खाचेत जाऊन बसला. सगळ्यात जास्त जोर अध्यक्षकाकांनी लावला. वकिलाने लगेच खांबाला पाठ टेकली, पाय लांब केले, आणि ते बरोबर नळाखाली पोचले.

*

सुट्टी संपली, तेव्हा परतीच्या लाँचमध्ये पुढच्या बाकावरून भांडण झालंच नाही. दोघं सुकाणूपाशी उभी होती. बोया त्यांना सोडायला निघाला होता.

"तर तो राजा," आत्याने धक्का सुटायच्या आतच सुरुवात केली, "राज्य गमावून आला खरा, पण येताना मुकुट मात्र हातपिशवीत घालून आणला. बेटावर पाय ठेवला आणि बघतो तो काय, झाडावरचा पोपट म्हणतो, टाळ्या! राजाला वाटलं, आपली ओळख पटली. त्याने घाबरून पिशवी उचलली, धावत गेला तो थेट दिवेवालीच्या दारात. दार उघडलं, आणि आत—"

आत्या थांबली.

वकिलाने तोंड उघडलं. समोर पाणी हिरवं होतं आणि डाव्या हाताला थोडं तपकिरी. आत्या मान वळवून, डोळे बारीक करून मागे किनाऱ्याकडे पाहत होती. तिथे पांढरा खांब बुरुजाच्या खाली उभा होता. वकिलाने तोंड मिटलं आणि तोही पाहू लागला. लाँचमध्ये कोणी हललं नाही.

अक्कलदाढ मागे पडली.

"—आत दिवेवाली मुकुटाचीच वाट बघत बसली होती," आत्या म्हणाली, आणि पलीकडचा धक्का येईपर्यंत तिने कोणाला एक शब्द बोलू दिला नाही.